घड्याळ बांधलेली आज्ञा

मे महिना. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि वर्ध्याचा सूर्य आत्ताच बाह्या सरसावून बसला होता. मी बोरगाव मेघेत, बहिणीच्या घरी, गच्चीवर झोपलो होतो. बोरगावं महाराष्ट्रात डझनांनी सापडतील. हे वर्धा शहराला चिकटलेलं बोरगाव. शेजारी सिंदी मेघे, सावंगी मेघे, अशी मेघ्यांची रांगच आहे. नावात इतके मेघ, पण मे महिन्यात आभाळात एक दिसेल तर शपथ!

तर खालून आवाज येत होते.

"ऊठ!"

"चादर घडी कर!"

"कूलरमदे पानी टाक!"

"बाबाले बलाव!"

"पाय, पाय, दूध उतू चाललं! गॅस बंद कर!"

"जाय ना लवकर! थांब, आधी चप्पल घाल!"

आमच्या इकडे "पाय" म्हणजे "बघ". मी पडल्या पडल्या बोटांवर मोजायला लागलो. वीस मिनिटांत एकतीस आज्ञा. त्यातल्या सव्वीस माझ्या भाच्याच्या वाट्याला आल्या, चार कुत्र्याच्या आणि एक माझ्या. कुत्र्याने चारही पाळल्या.

दोस्तांनो, या आज्ञांमध्ये एक गंमत दडलेली आहे. ऊठ, कर, टाक, थांब, घाल. किती आखूड शब्द आहेत बघा! "करतो", "करीन", "करायचा" ही सगळी मंडळी लांब. "कर" मात्र दोन अक्षरांत संपतो. शब्दकोशात क्रियापद "करणे" असं छापलेलं असतं. त्याचं शेपूट, म्हणजे "णे", छाटलं की झाली आज्ञा तयार. बसणे, बस. पळणे, पळ. खाणे, खा. काही चिकटवायचं नाही, फक्त छाटायचं. दूध उतू जात असताना लांबलचक शब्द बोलायला वेळ कोणाला आहे?

ही छाटाछाट मला कोणी दाखवली सांगू? माझ्या भाचीने. ती वर्ध्याच्या महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात स्पॅनिश शिकते. नाव हिंदीचं, पण 1997 मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठात परदेशी भाषाही शिकवतात. त्या सकाळी ती गच्चीवर चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, तुला माहितीये, स्पॅनिशमध्येपण शेपूटच कापतात."

बोलणे म्हणजे स्पॅनिशमध्ये "आब्लार". शेवटचा "र" काढला की "आब्ला", म्हणजे बोल! खाणे म्हणजे "कोमेर". "र" गेला, "कोमे", म्हणजे खा! तिकडे "र", इकडे "णे". (लिहिणे म्हणजे "एस्क्रीबीर", आणि त्याची आज्ञा "एस्क्रीबे". इथे "र"बरोबर एक स्वरही बदलतो. असा एखादा खोडकर गट सगळ्याच वर्गांत असतो.)

आता स्पॅनिश ही काही कोपऱ्यातली भाषा नव्हे. स्पेन, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना, क्यूबा असे वीसएक देश तिच्यात कारभार करतात. म्हणजे रोज सकाळी तिथल्या कोट्यवधी आया आपल्या पोरांना "र" छाटून उठवत असतात.

भाचीने मग मला एक शब्द शिकवला आणि मी चहा सांडला. स्पॅनिशमध्ये "बघ!" कसं म्हणायचं? "मीरा!" म्हणजे आपल्या शाळेतली एखादी मीरा माद्रिदच्या बाजारात गेली, तर दर दोन मिनिटांनी मागे वळून बघेल. "ऐक!" म्हणायचं तर "ओये!" आणि "जा!" म्हणजे "बे". स्पॅनिश लोक व हे अक्षर ब सारखं म्हणतात, म्हणून "बे". हे ऐकल्यावर माझा भाचा जो काही खूश झाला! कारण आमच्या इकडे दोन मित्र भेटले की प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बे" असतोच. काय करून राहिला बे, चाल बे, पाय ना बे. एखादा स्पॅनिश माणूस वर्ध्याच्या बसस्टँडवर उभा राहिला तर त्याला वाटेल, सगळं गाव आपल्याला "जा, जा" म्हणून हाकलतंय.

पण थांबा. शब्द सारखे ऐकू आले म्हणून ते भाऊबंद असतातच असं नाही. "बे" आणि "बे" हा निव्वळ योगायोग आहे. तुमच्यासारखा चेहरा असलेला मुलगा दुसऱ्या गावात सापडावा, तसा. मीराचंही तेच.

उलट, जे सारखे दिसत नाहीत किंवा जेमतेम दिसतात, ते खरे नातलग निघतात. स्पॅनिशमध्ये "दे!" म्हणजे "दा". आपण म्हणतो "दे". संस्कृतात धातूच आहे "दा", त्यावरून दान, दाता. आणि ज्याला आज्ञा करायची त्याला आपण म्हणतो "तू", स्पॅनिश माणूसही म्हणतो "तू". अगदी तोच उच्चार! हा योगायोग नाही. 1786 मध्ये विल्यम जोन्स नावाचे न्यायाधीश कोलकात्यात एका सभेत म्हणाले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये इतकं साम्य आहे की त्या एकाच आईच्या मुली असणार. लॅटिनची लेक स्पॅनिश, संस्कृतच्या घरातली मराठी. म्हणजे स्पॅनिश आपली दूरची चुलत-चुलत बहीण झाली. हजारो वर्षं भेट नाही, तरी "तू" म्हणायची सवय दोघींनी सोडली नाही.

भाची म्हणाली, सगळं सोपं आहे, फक्त आठ शब्दांनी डोकं खाल्लंय. ही आठ क्रियापदं शेपूट छाटण्याचा नियम पाळतच नाहीत. सांग म्हणजे "दी". कर म्हणजे "आस". जा म्हणजे "बे". ठेव म्हणजे "पोन". बाहेर नीघ म्हणजे "साल". हो म्हणजे "से". धर म्हणजे "तेन". ये म्हणजे "बेन". नियमाने यांतले बहुतेक लांब झाले असते. पण हे एका उच्चारात उरकतात.

मी तिला विचारलं, हे आठच का? तुम्हीही ती यादी पुन्हा वाचा. सांग, कर, जा, ठेव, नीघ, हो, धर, ये. आईच्या तोंडून दिवसभरात सर्वांत जास्त वेळा निघणारे शब्द कोणते? हेच की! पवनारला धाम नदीच्या पात्रात गेलात तर काठावरचे दगड कोपऱ्याकोपऱ्यांचे असतात आणि धारेतले गुळगुळीत. जो दगड जास्त वेळ पाण्यात, तो जास्त झिजतो. शब्दांचंही तसंच. लॅटिनमध्ये ये म्हणायला "वेनी" होतं. हजारो तोंडांतून शेकडो वर्षं वाहत आल्यावर शेवटची "ई" झिजली आणि "बेन" उरलं. "दी" तर लॅटिनमध्येच झिजून "दीक" झाला होता, पुढे "क"सुद्धा गेला. आणि रोज कानावर पडत असल्यामुळे मुलं हे वेडेवाकडे शब्द जसेच्या तसे पाठ करतात, म्हणून ते टिकतात. वर्षातून एकदा लागणाऱ्या शब्दाने असा हट्ट केला असता, तर पोरांनी त्याला कधीच नियमात बसवलं असतं.

आपल्याकडे झिजलेले दगड नाहीत असं समजू नका. एखाद्याला मान देऊन आज्ञा करायची तर आपण "आ" जोडतो. कर, करा. बस, बसा. ऊठ, उठा. मग ये चं काय व्हायला हवं? "येआ". होतं काय? "या". हो चं "व्हा". दे, घे, पी यांचं द्या, घ्या, प्या. इथेही रोजचेच शब्द वाकलेत. आणि "जा", "खा" तर आजोबांनाही तेच आणि कुत्र्यालाही तेच.

हा "आ" फार हुशार असतो. कोणाशी बोलतोय ते तो एका अक्षरात सांगतो. स्पॅनिशमध्ये मानाच्या माणसाला "उस्तेद" म्हणतात. मूळ शब्दांचा अर्थ "आपली कृपा" असा होता, घाईघाईत बोलून त्याचं "उस्तेद" झालं. आपल्याकडे मानाचा सर्वांत गोड नमुना पोळ्याला दिसतो. वर्षभर शेतकरी बैलाला "चाल", "फिर", "थांब" असंच म्हणतो ना? पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे जू ओढून दमलेले खांदे हळद आणि लोणी-तुपाने शेकतात आणि बैलाला आमंत्रण देतात, की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. "घे" नाही, "घ्या". "ये" नाही, "या". एका अक्षराने बैल पाहुणा झाला! (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या इकडची मुलं लाकडी नंदी घेऊन मिरवतात, त्याला मात्र कोणी काही सांगत नाही. त्याला चाकं असतात.)

"कर"ची उलटी आज्ञा "करू नकोस". इथे मराठी आणि स्पॅनिश दोघी बहिणी सारख्याच तिरसट आहेत. सरळ "न कर" म्हणून मोकळ्या होत नाहीत. मराठीत "कर"चं "करू" होतं आणि कोणाशी बोलतोय ते सांगायचं काम "नको"कडे जातं. नकोस, नका. स्पॅनिशमध्ये "नो" ढिम्म हलत नाही, क्रियापदच वेष बदलतं. "आब्ला" म्हणजे बोल, पण बोलू नकोस म्हणजे "नो आब्लेस". "कोमे" म्हणजे खा, खाऊ नकोस म्हणजे "नो कोमास". आ होता तिथे ए आला, ए होता तिथे आ. बाईंनी बडबड करणाऱ्या दोघांची बाकं बदलावीत, तसं. आपला "नको" मात्र मोठा फिरस्ता. तो हैदराबादच्या दखनी बोलीत जाऊन "नक्को" होऊन बसलाय. तिथले लोक हिंदी-उर्दू बोलता बोलता मध्येच "नक्को" म्हणतात.

आता एक प्रयोग करू. याची मूळ कल्पना माझी नाही. 1958 मध्ये अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी लहान मुलांना एका विचित्र पक्ष्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा "वग". मग तसे दोन पक्षी दाखवून विचारलं, हे दोन काय? जगात "वग" नावाचा पक्षीच नाही, शब्द बाईंनी स्वतः बनवलेला. तरी बहुतेक मुलांनी त्याचं अनेकवचन बरोबर सांगितलं. म्हणजे मुलं नुसते शब्द पाठ करत नाहीत, नियम पकडतात. कोणी न शिकवता.

मी भाच्याला समोर बसवलं आणि एक क्रियापद बनवलं. झुंबटणे. अर्थ विचारू नका, मलाही माहीत नाही.

"मित्राला झुंबटायला सांग."

"झुंबट!"

"गुरुजींना?"

"झुंबटा!"

"मित्राला मनाई कर."

"झुंबटू नको बे!"

शाबास. शेपूट छाटलं, मान दिला, नकार दिला, सगळं बिनचूक. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. "तू आता वर्ध्याला चाललास. मित्राने संध्याकाळी झुंबटावं असं तुला वाटतं. जाता जाता त्याला काय सांगशील?"

भाच्याने क्षणभरही विचार केला नाही. "संध्याकाळी झुंबटजो."

झुंबटजो! भाची आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

पुण्या-मुंबईच्या दोस्तांनो, तुम्हाला हा "जो" कदाचित माहीत नसेल. वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ या बाजूला तो घराघरात आहे. येजो, जाजो, करजो, सांगजो, ठेवजो. मानाच्या माणसाला येजा, करजा, सांगजा. तुम्हाला वाटेल, "कर" आणि "करजो" एकच, फक्त गावाकडचं. मुळीच नाही! समजा दूध उतू चाललंय. आजी ओरडेल, "गॅस बंद कर!" तिथे "गॅस बंद करजो" म्हटलं तर सगळं दूध ओट्यावर. पण आजी देवळात जायला निघालीय, दूध नुकतंच ठेवलंय, तर ती चपला घालता घालता सांगते, "दूध वर आलं का गॅस बंद करजो." आता बरोबर!

"कर" म्हणजे आत्ता. "करजो" म्हणजे पुढे, वेळ आली की. मी समोर नसेन तेव्हासुद्धा. शब्दाच्या मनगटाला घड्याळ बांधलंय! शिवाय "जो" लागला की आज्ञेतला कडकपणा जरा कमी होतो, आणि तुमच्यावर विश्वास टाकल्यासारखं वाटतं. शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत हे काम एका शब्दात होत नाही. "नंतर कर" म्हणावं लागतं, किंवा "करशील ना?" असं विचारावं लागतं.

भाचीने लगेच वही उघडली. "करजो"ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? खूप शोधलं. "नंतर" हा शब्द वेगळा जोडता येतो, भविष्यकाळ वापरता येतो, पण आज्ञेचं असं खास रूप तिला काही सापडेना. मग तिने विचारलं, "लॅटिनमध्ये होतं का?"

होतं! स्पॅनिशच्या आईकडे, लॅटिनकडे, आत्ताच्या आज्ञेचं एक रूप होतं आणि नंतरच्या आज्ञेचं दुसरं. कर म्हणजे "फाक" आणि करजो म्हणजे "फाकितो". रोमन लोक कायद्यांत हे रूप वापरत, कारण कायदा आत्तापुरता नसतो. शेतीच्या पुस्तकातही वापरत, कारण वाचणारा माणूस वाचता वाचता नांगरत नसतो. स्पॅनिशला आईचं घर मिळालं, दागिने मिळाले, पण हे एक घड्याळ कुठेतरी हरवलं.

त्या हरवलेल्या घड्याळांतला एक जुना शब्द तुमच्या घरीही असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस म्हणून काचेचं किंवा लाकडाचं जे काही मिळतं आणि ज्याला आपण सगळे चुकून "मोमेंटो" म्हणतो, तो खरा शब्द "मेमेंटो". लॅटिन शब्द आहे आणि त्याचं रूप नंतरच्या आज्ञेचंच आहे. बोरगावच्या बोलीत भाषांतर केलं तर "लक्षात ठेवजो". भाच्याच्या कपाटावर असे तीन "लक्षात ठेवजो" धूळ खात पडले होते. ते कशासाठी मिळाले, हे मात्र त्याच्या लक्षात नव्हतं.

"जो"ची भावंडं आपल्या देशातही आहेत. गुजरातीत "करजे", "करजो" म्हणतात आणि अर्थही तोच, नंतर कर, नंतर करा. हिंदीतले "कीजिए", "दीजिए" बघा, त्यांच्या पोटातही "ज" बसलाय. आपल्याच जुन्या मराठीत "कीजे", "दीजे" अशी रूपं होती. जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची प्रचंड पाहणी केली होती. तिच्या 1905 सालच्या सातव्या खंडात मराठीबरोबर तिच्या बोलीही आहेत, त्यांत वऱ्हाडी आणि नागपुरीला मानाची जागा आहे.

आणि तरी माझा भाचा पुण्याला मावशीकडे गेला की "येजो" म्हणायला लाजतो! का, तर हसतात. मला याचा राग येतो. अर्जेंटिनातली मुलं स्पेनसारखं "बेन" म्हणत नाहीत, "बेनी" म्हणतात, आणि खुशाल म्हणतात. तिथली माफाल्दा नावाची चित्रकथेतली चुणचुणीत मुलगी 1964 पासून तशीच बोलते आणि जगभरची मुलं तिची पुस्तकं वाचतात. अजून कोणी तिला "शुद्ध बोल" म्हणून दटावलेलं नाही.

तुम्ही एक वही करा. पानावर चार रकाने आखा. आत्ताची आज्ञा, मानाची आज्ञा, नकाराची आज्ञा आणि नंतरची आज्ञा. एक दिवस घरातल्या सगळ्या आज्ञा त्यात टिपा. चौथा रकाना रिकामा राहिला तर आजीला विचारा, तुझ्या लहानपणी गावात हे कसं म्हणायचे? कोकणातली आजी एक सांगेल, खानदेशातली दुसरं. एक सूचना मात्र आहे. टिपत बसण्याच्या नादात आज्ञा पाळायच्या राहिल्या, तर पहिला रकाना फार लवकर भरतो.

चौथ्या दिवशी मी निघालो. उन्हं उतरली होती. बहिणीच्या सासूबाईंनी डब्यात पुरणपोळ्या बांधून दिल्या. आपल्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत, म्हणून मी "येतो" म्हणालो. त्या म्हणाल्या, "येजो बाप्पा. पोचल्यावर फोन करजो. अन् पोया आजच खाय, उद्यासाठी ठेवू नको."

भाची फाटकात उभी राहून बोटं मोजत होती. दोन नंतरच्या, एक आत्ताची, एक नकाराची. मी रिक्षात बसलो तेव्हा मला एकदम आठवलं, की गुजराती माणूस निरोप घेताना काय म्हणतो. "आवजो." म्हणजे येजो. मी ते ओरडून तिला सांगितलं, पण रिक्षाच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिने हात कानाला लावून फोनची खूण केली.